मुक्काम पोस्ट डिंगल

डब्लिनला नोकरी करणाऱ्या मुला-मुलींकडे दोन-तीन महिने राहायला गेलेल्या आई-वडिलांना एखाद्या शनिवार-रविवारी 'खरं आयर्लंड' दाखवायचं ठरतं, तेव्हा डिंगलचं नाव हमखास निघतं. देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, केरी काउंटीत, अटलांटिकमध्ये पन्नासेक किलोमीटर आत घुसलेलं हे द्वीपकल्प. हिरवे डोंगर, दगडी बांधांची शेतं, मेंढ्या आणि खाली खवळलेला समुद्र. डब्लिनपासून अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. मोबाइलवरचा नकाशा पाच तासांच्या आत पोचवतो म्हणून सांगतो, आणि मग पहाटे निघून रात्री परत यायचा बेत होतो. काही जण तर त्याच दिवशी शेजारची १७९ किलोमीटरची 'रिंग ऑफ केरी'ही उरकायला बघतात. असे लोक मी डिंगलच्या बंदरावर पाहिले आहेत. गाडीतून उतरतात, पाय मोकळे करतात, स्वच्छतागृह शोधतात, बंदराचा फोटो काढतात आणि आता परत निघायला हवं म्हणून घड्याळ बघतात. दहा तास गाडीत बसल्याचं वाईट नाही. वाईट याचं वाटतं, की जे बघायला आले ते तिथून पुढे वीस मिनिटांवर सुरू होतं.

माझं सांगणं एकच आहे. डिंगलला किमान तीन रात्री राहा आणि जमलं तर त्यातली एखादी तरी गावाच्या पश्चिमेला, डून क्वीन किंवा बॅलिफेरिटरच्या बाजूला काढा. पुढच्या सगळ्या सूचना त्या मुक्कामासाठीच आहेत.

आधी कागदपत्रं. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. पॅरिस-रोमसाठी काढलेला शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. भारतीयांसाठी २०१५ पासून ब्रिटन आणि आयर्लंड यांची संयुक्त व्हिसा योजना आहे. तिचा शिक्का असेल तर एका व्हिसावर दोन्ही देश करता येतात. मात्र ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरावं लागतं. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे आणि सीमेवर नाकं नाही, तरी नुसत्या आयरिश व्हिसावर बेलफास्टला जाऊन येणं बेकायदा. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पोचायचं कसं? डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनातून ट्रलीला रेल्वे आहे, सुमारे चार तास. ट्रलीहून डिंगलला बस. गाडी न चालवणाऱ्यांसाठी हा सरळ मार्ग आहे, आणि डब्लिन ते डिंगल सलग गाडी हाकण्यापेक्षा कितीतरी कमी दमवणारा. पूर्वी ट्रलीहून डिंगलपर्यंत अरुंद रुळांची आगगाडीही होती. १८९१ साली सुरू झाली, १९५३ साली कायमची थांबली. आता डिंगलच्या पुढे पश्चिमेला बस फारच थोड्या. त्या भागासाठी स्वतःची गाडी, भाड्याची सायकल किंवा स्थानिक गाइडची छोटी व्हॅन, यातलं काहीतरी लागतंच.

भाड्याची गाडी घेणार असाल तर मुंबईहून निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या. पहिली, वय. पंचविशीच्या आतल्यांना जादा पैसे पडतात किंवा गाडी मिळतच नाही, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात. दुसरी, अनामत. अपघात झाल्यास ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च तुमचा असतो आणि तेवढी मोठी रक्कम गाडी घेतानाच क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. ते कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. मुलाच्या कार्डावर वडिलांना गाडी मिळत नाही. तिसरी, टायर आणि काच विम्यात आहेत की नाहीत, कारण डिंगलच्या रस्त्यांवर नुकसान होतं ते नेमकं तिथे. भारतीय परवान्यावर पर्यटकाला गाडी चालवता येते, तरी आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असावा. काही कंपन्या तो मागतात. डब्लिन विमानतळावरून निघालात तर एम-५० या बाह्यवळण रस्त्याचा टोल नाक्यावर भरायचा नसतो. तिथे नाकंच नाही. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत तो ऑनलाइन भरायचा, नाहीतर दंड.

गाडी डावीकडूनच चालवायची आहे, आपल्यासारखीच. अमेरिकेहून येणाऱ्या पाहुण्यांना जी धास्ती असते ती आपल्याला नाही. आपली अडचण वेगळी. इथे हॉर्न वाजवत नाहीत, आणि रस्ते इतके अरुंद आहेत की मधोमध गवत उगवलेलं दिसतं. दोन्ही बाजूंना फुशियाच्या झुडपांचं कुंपण, उन्हाळ्यात लाल लोंबत्या फुलांनी भरलेलं. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही झाडं इथे इतकी रुजली आहेत, की आता तीच या भागाची ओळख झाली आहे. त्या फुलांच्या आत मात्र बऱ्याच ठिकाणी दगडी बांध असतो. समोरून गाडी आली म्हणून 'झुडपातच तर घालायची आहे' असं म्हणत डावीकडे सरकलात की आरसा गेला, दार खरवडलं.

स्ले हेडचा फेरा हा इथला मुख्य रस्ता. डिंगलहून निघून टोकाला वळसा घालून परत डिंगल, सुमारे सत्तेचाळीस किलोमीटर. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने करायचा, म्हणजे व्हेंट्रीकडून निघून गॅलरसकडून परतायचं. पर्यटकांच्या मोठ्या बस त्याच दिशेने जातात, त्यामुळे त्या तुमच्या मागे किंवा पुढे असतात, कड्याच्या कोपऱ्यावर समोर उभ्या ठाकत नाहीत. शिवाय समुद्र तुमच्या डाव्या हाताला, गाडीच्या जवळ राहतो. सकाळी नऊच्या आत निघालात तर बसही भेटत नाहीत. संध्याकाळी सहानंतरही रस्ता मोकळा असतो, आणि जून महिन्यात तिथे दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे मुक्कामाला असलेल्या माणसाला रोज चार तासांचा जवळजवळ रिकामा रस्ता आणि सुरेख उजेड मिळतो. एका दिवसात येऊन जाणाऱ्याच्या वाट्याला नेमकी दुपारची गर्दी येते.

गाड्या समोरासमोर आल्या तर रुंद जागा ज्याच्या जवळ असेल त्याने मागे घ्यायची. इथले लोक ते इतक्या सहज करतात, की बघत राहावं. ट्रॅक्टरवाला शेतकरी वळणावर शंभर मीटर मागे जातो, तुम्हाला वाट देतो, आणि तुम्ही जवळून जाताना स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो. तुम्हीही बोट वर करायचं. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होतं, दुसऱ्या दिवसापासून हात आपोआप उठतो. मागे स्थानिक गाडी येऊन थांबली तर जागा मिळताच बाजूला व्हा. तिला दूध पोचवायचं असतं, पोराला शाळेत सोडायचं असतं. फेब्रुवारी २०२५ पासून गावाकडच्या स्थानिक रस्त्यांची वेगमर्यादा ताशी ऐंशीवरून साठ किलोमीटरवर आणली आहे. ज्या वळणांवर पाहुणे धडपडतात तिथे चाळीससुद्धा जास्त आहे.

डिंगलहून उत्तरेला जाणारा कॉनर पास हा घाट याहून अवघड. साडेचारशे मीटरच्या आसपास उंची, आणि एका टप्प्यावर कडा अंगावर आल्यासारखा रस्त्यात डोकावतो. दोन टनांवरच्या वाहनांना तिथे बंदी आहे, म्हणजे बस नाही, मोठी कॅम्पर व्हॅन नाही. धुकं असेल तर जाऊ नका, कारण तेव्हा दिसत काहीच नाही आणि चालवणाऱ्याचा जीव मुठीत. या घाटातली मोठी जमीन सरकारने विकत घेतली आणि एप्रिल २०२४ मध्ये आयर्लंडचं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं, त्यात ती आली.

स्ले हेडच्या वाटेवर जागोजागी दगडी झोपड्या, किल्ले, जुन्या चर्चचे अवशेष आहेत. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गोल दगडी झोपड्या बऱ्याचदा शेतकऱ्याच्या खासगी जमिनीत असतात. फाटकाशी लाकडी टपरीत कोणीतरी बसलेलं असतं आणि माणशी काही युरो मागतं. ही लुबाडणूक नाही. आयर्लंडमध्ये दुसऱ्याच्या शेतातून हिंडायचा हक्क कायद्याने कोणालाच नाही. तुम्ही जाता ते मालकाच्या परवानगीने. त्या पैशातून बांध दुरुस्त होतात, वाट राहते. सुटी नाणी खिशात ठेवा, फाटक जसं होतं तसं लावा, आणि कोकरांच्या दिवसांत मेंढ्यांच्या जवळ जाऊन फोटो काढू नका. डनबेग हा कड्यावरचा जुना किल्ला आहे. २०१७-१८ च्या हिवाळी वादळांत त्याचा आणखी एक भाग समुद्रात कोसळला; तिथे पाटीवर जे लिहिलं असेल ते पाळावं.

गॅलरसचं प्रार्थनागृह मात्र चुकवू नका. होडी पालथी घालावी तशी ही दगडी खोली आहे. चुना नाही, माती नाही, लाकूड नाही. प्रत्येक थराचा दगड खालच्या दगडापेक्षा किंचित आत आणि बाहेरच्या बाजूला जरासा उतरता ठेवलेला, त्यामुळे भिंतच वर जाऊन छत होते आणि पाणी बाहेर ओघळतं. बांधणीच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण हजार वर्षांच्या आसपास तरी ती अटलांटिकचा पाऊस झेलत उभी आहे. आत गेलात की पूर्वेच्या भिंतीतल्या लहानशा खिडकीवर हात फिरवून बघा; दगड आतून गोलाईत घासून घडवला आहे. शेजारी एक खासगी केंद्र आहे, त्याच्या वाहनतळाचे पैसे पडतात. प्रार्थनागृहात जायची सार्वजनिक पायवाट मोफत आहे.

समुद्राविषयी स्पष्ट सांगतो. कुमीनूलचा किनारा फार देखणा आहे. डेव्हिड लीनच्या १९७० सालच्या 'रायन्स डॉटर' चित्रपटाचं चित्रीकरण इथे झालं आणि बाहेरच्या जगाला डिंगल माहीत झालं ते तेव्हापासून. पण तिथले प्रवाह ओढून नेणारे आहेत. पाण्यात उतरू नका, ओल्या खडकावर उभं राहून पाठमोरा फोटो नको. पोहायचं असेल तर व्हेंट्री किंवा इंच, जिथे उन्हाळ्यात जीवरक्षक असतात, आणि त्यांच्या झेंड्यांच्या मध्येच.

आता ब्लास्केट. टोकाला उभं राहिलं की समोर जे डोंगराच्या पाठीसारखं लांबट बेट दिसतं ते ग्रेट ब्लास्केट. किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटर. तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर फासलेलं कापड ताणून केलेल्या हलक्या होड्या, थोडे बटाटे, मासे, मेंढ्या. या शे-दीडशे माणसांच्या वस्तीतून आयरिश भाषेतली अस्सल आत्मचरित्रं आली. टोमास ओ क्रिहिन हा मच्छीमार मोठेपणी आयरिश लिहायला शिकला. त्याचं पुस्तक १९२९ साली आलं. मॉरिस ओसुलिवनचं १९३३ साली. पेग सेयर्स लग्न होऊन बेटावर आलेली, गोष्टी सांगण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने आपलं आयुष्य सांगितलं, मुलाने लिहून घेतलं, ते १९३६ साली छापलं. पुढे कित्येक पिढ्यांना ते शाळेत नेमलेलं होतं.

तरुण अमेरिकेला जात राहिले, बरेचसे मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. बेटावर डॉक्टर नव्हता, धर्मगुरू नव्हता. १९४७ च्या हिवाळ्यात मेंदूच्या आवरणाच्या आजाराने एक तरुण गेला. समुद्र खवळलेला, मदत येऊ शकली नाही. त्याच वर्षी अन्न संपल्याची तार बेटावरून थेट पंतप्रधान डी व्हॅलेरांना गेली. शेवटी १७ नोव्हेंबर १९५३ रोजी उरलेल्या बावीस जणांना मुख्य भूमीवर आणायचं ठरलं. त्या दिवशीही हवा इतकी वाईट होती, की सगळ्यांना आणता आलं नाही. बेट सोडावं लागलं ते ज्या समुद्रामुळे, त्यानेच शेवटची बोट अडवली. हे ठाऊक नसताना बेट म्हणजे निळ्या पाण्यातला हिरवा डोंगर एवढंच दिसतं. म्हणून आधी डून क्वीनच्या ब्लास्केट केंद्रात दोन तास काढा. इमारत एका मजल्याची, बसायला जागा, स्वच्छतागृह, उपाहारगृह, आणि टोकाच्या मोठ्या काचेतून समोर बेट. गुडघे दुखणाऱ्यांनी बेटाचा हट्ट सोडून इथेच अर्धा दिवस काढला तरी काही हुकलं असं होणार नाही.

बेटावर जाणाऱ्या बोटी साधारण एप्रिल ते सप्टेंबर, आणि त्याही समुद्राच्या मर्जीवर. डून क्वीनचा धक्का कड्याखाली आहे. नागमोडी, चांगल्याच उताराची वाट. तिथे गाडी खाली नेऊ नका, वळवायला जागा नाही. बेटाजवळ मोठ्या बोटीतून रबरी होडीत आणि होडीतून शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरावं लागतं, म्हणून बूट घट्ट पकडीचे हवेत आणि दोन्ही हात मोकळे. वर वीज नाही. पाणी, खाणं सोबत न्यायचं, कचरा सोबत आणायचा. उन्हाळ्यात तिथली कॉफीची टपरी आणि मुक्कामाच्या खोल्या सांभाळायला दोन माणसं नेमतात. २०२० साली त्या कामाची जाहिरात निघाली तेव्हा जगभरातून हजारोंनी अर्ज आले. बोटीचं तिकीट मुक्कामाच्या पहिल्या दिवसाचं काढा. रद्द झाली तर दुसरा, तिसरा दिवस हाताशी राहतो. तीन रात्रींचा आग्रह आहे तो यासाठीही.

हा भाग गेल्टॉख्टमध्ये येतो, म्हणजे आयरिश भाषक प्रदेशात. रस्त्यांवरच्या पाट्या आयरिशमध्ये असतात. गावाच्या नावावरून इथे मोठं रामायण झालं. २००५ साली सरकारी आदेशाने 'डिंगल' हे इंग्रजी नाव पाट्यांवरून गेलं, २००६ च्या मतदानात गावकऱ्यांनी दोन्ही नावं मागितली, आणि २०११ मध्ये कायद्याने ती मिळाली. तरी कुठे 'अन डॅंगन' हे आयरिश नाव तेवढंच दिसलं तर गोंधळू नका. रस्त्यावर 'गो माल' रंगवलेलं असेल तर वेग कमी करा. आणि स्वच्छतागृहाच्या दारावर इंग्रजी एफ अक्षराने सुरू होणारा 'फिर' पुरुषांसाठी, एमने सुरू होणारा 'मना' बायकांसाठी. रोज कोणीतरी उलटं जातं. उन्हाळ्यात देशभरातून किशोरवयीन मुलं आयरिश शिकायला इथल्या घरांत राहायला येतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेकडच्या खोल्या फार लवकर भरतात.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण विचारावं लागतं. भाज्यांचं सूप आणि सोडा घालून केलेला गव्हाचा काळसर पाव सगळीकडे मिळतो. सूप कोंबडीच्या पाण्यातलं आहे का हे आधी विचारा. बी अँड बीमध्ये न्याहारीचा सांगावा आदल्या रात्रीच द्या. म्हणजे सकाळी डुकराच्या सॉसेजऐवजी अंडी, मशरूम, टोमॅटो, बटाटे येतात, आणि घरमालकीणबाईंना अगदी निघायच्या वेळी धावपळ होत नाही. अंडंही चालत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, ओटची लापशी करून देतात. बहुतेक पबची स्वयंपाकघरं रात्री नऊच्या आत बंद होतात. आपल्या सवयीने साडेनऊला जेवायला निघालात तर बटाट्याच्या वेफर्सवर निभवावं लागेल. मर्फीज या २००० साली डिंगलला सुरू झालेल्या दुकानाचं समुद्री मिठाचं आइस्क्रीम मात्र खाच.

पब म्हणजे दारूचा गुत्ता, हा समज तिथे सोडून द्या. डिंगलला एका पबमध्ये अजून खिळे-हातोड्यांचं दुकान आहे, दुसऱ्यात चामड्याचं. चहा मागितला तरी कोणी वावगं मानत नाही. रात्री कोपऱ्यात पाच-सहा जण फिडल, बासरी, कॉन्सर्टिना घेऊन बसतात. ते एकमेकांसाठी वाजवत असतात. त्यांच्या खुर्च्या धरू नका, सूर लागत असताना मोठ्याने बोलू नका, तालावर टाळ्या वाजवू नका, आणि मोबाइल तोंडासमोर धरण्याआधी डोळ्यांनी परवानगी मागा. मधूनच कोणी वृद्ध बाई किंवा पुरुष जागेवरच, साथीशिवाय, डोळे मिटून आयरिश गाणं म्हणायला लागतं. तेव्हा अख्खा पब गप्प होतो; तुम्हीही व्हा. सोबत लहान मुलं असतील तर मे ते सप्टेंबर रात्री दहापर्यंत, एरवी नऊपर्यंतच त्यांना बसता येतं. गाडी चालवणाऱ्याने ग्लास घेऊच नये.

पावसाचं सांगायचं तर वर्षभरात पडणाऱ्या पाण्यात केरीचा किनारा रत्नागिरीच्या निम्म्यावर आहे. पण रत्नागिरीचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो, इथला बारा महिने पुरवून पुरवून पडतो. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. टोपीचा जलरोधक कोट आणि सुकायला सोपे कपडे न्या. मे-जून उत्तम. सप्टेंबरही चांगला, गर्दी ओसरलेली असते. नोव्हेंबर ते मार्च दिवस फार लहान आणि अनेक दारं बंद. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर घाट, धक्का, कडा काहीच नको.

'तुम्ही कुठले?' हे तिथे अगदी मनापासून विचारतात. महाराष्ट्रातले म्हटलं की लिओ वराडकरांची आठवण निघण्याची शक्यता आहे. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ आयर्लंडचे पंतप्रधान राहिलेल्या वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१९ च्या अखेरीस ते स्वतः वराडला येऊन गेले. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले आणि भारतीय दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली, हेही इथे सांगायला हवं. शहरात अपरात्री एकटं फिरणं टाळावं. डिंगलच्या गल्ल्यांत मला कधी तसं वाटलं नाही. तातडीच्या मदतीला ११२ फिरवा. पोलीस, रुग्णवाहिका, किनारा बचाव दल, सगळे त्याच नंबरवर.

तर पहिला दिवस बोटीसाठी, बोट नसेल तर ब्लास्केट केंद्र. दुसरा स्ले हेड, सकाळी लवकर, गॅलरसला दुपारी. तिसरा मोकळा ठेवा, पाऊस भरपाई मागतोच. परतताना आकाश स्वच्छ असेल तर कॉनर पासने उतरा, ढग उतरलेले असतील तर सरळ एन-८६ ने ट्रली गाठा, आणि डब्लिनच्या गाडीचं तिकीट दुपारनंतरचं काढा.